बावन्न आठवड्यांचा फळा

दौलत तांबे यांना कंपनीत कुणी तांबेसाहेब म्हटलेलं मी एकदाही ऐकलं नाही. फिटर त्यांना दौलतदादा म्हणायचे, ऑफिसातले नुसतं तांबे आणि आम्ही शिकाऊ मुलंमुली काका. पहिल्या दिवशी मी 'सर' म्हटलं तेव्हा ते म्हणाले, "सर शाळेत असतात. इथे सर म्हटलंस तर आपला धाकू फिटर हसेल, आणि तो एकदा हसला की जेवणाच्या सुट्टीपर्यंत थांबत नाही."

ही २००८ सालची गोष्ट. मी दर्शना गवाणकर, डोंबिवलीच्या आयरे रोडची, मेकॅनिकलचा डिप्लोमा नुकताच हातात आलेला. मानपाड्याच्या एमआयडीसीत आमचा रंगांचा कारखाना होता. कापडाला लागतात ते रंग. कुठल्या आठवड्यात कुठला रंग चालू आहे हे तिथे माणसांच्या टाचांवरून कळायचं. लाल चालू असला की कँटीनच्या लाद्यांवर गुलाबी पावलं उमटायची. आई मला घरात घ्यायच्या आधी गॅलरीत उभं करून पाय धुवायला लावायची.

मला वाटलेलं, आपल्याला मशीनवर काम मिळेल. मिळालं मेंटेनन्स प्लॅनिंग. कुठलं मशीन कधी थांबवायचं, ते कुणी उघडायचं, त्याला काय सामान लागेल, आणि हे सगळं ते मशीन आपणहून बंद पडायच्या आधी कसं जमवायचं, हे ठरवणारं खातं. खातं कसलं, स्टोअरच्या वरची एक खोली, दोन टेबलं आणि काका.

त्या खोलीत एक फळा होता. फळा म्हणजे प्लायवूडची पाच-सहा हात लांब पाटी, तिच्यावर बावन्न उभे रकाने, वर्षाच्या आठवड्यांचे. प्रत्येक रकान्यात बारीक खिळे आणि खिळ्यांना लटकवलेली पुठ्ठ्याची कार्डं. एक कार्ड म्हणजे एक काम. पंप नंबर चारचं सील बदलणे. कूलिंग टॉवरच्या पंख्याचं ग्रीसिंग. ड्रायरचं बेअरिंग तपासणे. वेळच्या वेळी होणारी कामं पांढऱ्या कार्डावर, अचानक उपटलेली लाल कार्डावर. काका सांगायचे, सुरुवातीला फळा दुरून बघितला तर जास्वंद फुलल्यासारखा दिसायचा. आम्ही गेलो तोवर तो बराचसा पांढरा झाला होता.

मी उत्साहाने विचारलं, "काका, वर्षाचं प्लॅनिंग करताना आधी कुठलं मशीन घ्यायचं? सगळ्यात महत्त्वाचं?"

"आधी माणसं घ्यायची," ते म्हणाले आणि त्यांनी निळा खडू उचलला. गणपतीचा आठवडा त्यांनी निळा केला. "या आठवड्यात अर्धे फिटर गावाला. बॉयलर उघडायचा नाही." मग चौदा एप्रिल. "इथे मी नाही, आणि आणखी सहा जण नाहीत." मग धाकूच्या गावची जत्रा, वेल्डर अन्वरची ईद, कुणाच्या मुलीचं लग्न, कुणाच्या बायकोचं बाळंतपण. अर्धा तास नुसतं हेच चाललं होतं. निळं झाल्यावर जी जागा उरली, तिच्यात मशीनं.

काकांचं मूळ गाव चिपळूणच्या बाजूचं. वडील ठाण्याला एका कापडगिरणीत होते, आणि ठाण्यातल्या कोपरीच्या चाळीत दहा बाय बाराच्या खोलीत सात माणसं. काकांनी वागळे इस्टेटच्या आयटीआयमधून फिटरचा ट्रेड केला आणि एक्याऐंशी साली ते आमच्या कारखान्यात लागले. त्या काळात मेंटेनन्स म्हणजे अग्निशमन दलासारखं काम. मशीन बंद पडलं की भोंगा, भोंगा झाला की धावायचं. जो फिटर जास्त धावतो तो चांगला फिटर. काका सांगायचे, "मी फार धावायचो. धावता धावता माझ्या लक्षात आलं की मी दर तिसऱ्या महिन्याला त्याच पंपाकडे धावतोय."

मग त्यांनी एक शंभरपानी वही घातली. कुठल्या पंपाचं कुठलं बेअरिंग, कधी बदललं, किती दिवस टिकलं, उघडायला किती वेळ लागला. हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. बारा वर्षांत अशा एकोणीस वह्या झाल्या. चौऱ्याण्णव साली एक नवे प्लांट मॅनेजर आले, त्यांनी त्या वह्या बघितल्या आणि फिटर दौलत तांबे यांना प्लॅनर केलं. डिग्रीवाल्यांना ते रुचलं नाही. दोन वर्षं त्यांना कुणी मीटिंगमध्ये खुर्ची दिली नाही, असं मला नंतर दुसऱ्यांकडून कळलं. ते स्वतः याबद्दल कधी बोलले नाहीत.

शिकवायला मात्र त्यांना फार आवडायचं. दर वर्षी चार-पाच शिकाऊ यायचे. त्यांना पहिले सहा महिने काकांच्या खोलीत काढावे लागत, आणि पहिला धडा ठरलेला. हातात घड्याळ आणि वही घेऊन एका फिटरबरोबर एक अख्खी पाळी काढायची. तो काय करतो ते दर पाच मिनिटांनी लिहायचं.

माझ्या वाट्याला धाकू म्हात्रे आला. मानपाडा गावातलाच, पन्नाशीचा, भरल्या दंडांचा, कानावर कायम पेन्सिल. मी वही काढल्यावर तो संशयाने म्हणाला, "काय लिवतंस गो? माजं नाव नको लिवू."

त्या दिवशी त्याला पंप नंबर सातचं सील बदलायचं होतं. सकाळी आठला आम्ही पंपाजवळ पोचलो. परमिट, म्हणजे मशीन उघडायची सेफ्टीवाल्याची लेखी परवानगी, झालं नव्हतं. सव्वानऊला झालं. मग इलेक्ट्रिशियनची वाट, कारण त्याने फ्यूज काढल्याशिवाय हात लावायचा नाही. मग स्टोअर. सील मिळालं, गॅस्केट नाही. परत स्टोअर. मग पंप उचलायची साखळीची कप्पी, चेनब्लॉक, तो दुसऱ्या शेडमध्ये. मग तिसऱ्यांदा स्टोअर, बोल्टसाठी. जेवणाची सुट्टी झाली तेव्हा पंप अजून पाइपलाइनवरच होता. धाकूने डबा उघडला साडेतीन वाजता, हात पुसायला चिंध्या शोधून झाल्यावर. पाळी सुटायच्या दहा मिनिटं आधी पंप चालू झाला. मी बेरीज केली. आठ तासांतले प्रत्यक्ष पाना हातात असलेले तास भरले सव्वादोन.

मी अहवाल लिहिला. इंग्रजीत, तीन पानं. शेवटी सूचना लिहिली की फिटरने वारंवार स्टोअरला जाऊन वेळ घालवला, त्याच्यावर देखरेख वाढवावी.

काकांनी तो दोनदा वाचला. त्यांचं इंग्रजी हळू होतं, पण पक्कं होतं.

"धाकू चार वेळा स्टोअरला का गेला?"

"तीन वेळा. सामान आणायला."

"चार वेळा. एकदा तू कँटीनला गेलेलीस तेव्हा गेला होता, मी खिडकीतून बघितलं. बरं, ते सामान पंपाशेजारी आधीच का नव्हतं?"

मी वहीची पानं उलटायला लागले.

"पंप सातचं काम आज आहे हे कुणाला माहीत होतं?"

"आपल्याला. कार्ड लागलंय ना."

"मग वेळ कुणी घालवला?"

मला रडू यायचं बाकी राहिलं. त्यांनी माझ्यापुढे चहाचा ग्लास सरकवला आणि अगदी साध्या आवाजात म्हणाले, "दर्शना, तो माणूस आठ तास काम करायलाच आलेला. आपण त्याला पावणेसहा तास उभं केलं. आपल्या खात्याचं काम एवढंच आहे बघ. त्याला उभं करायचं नाही."

पुढच्या आठवड्यात पंप आठचं तेच काम होतं. ते काकांनी माझ्यावर सोपवलं. मी आदल्या दिवशी खाली स्टोअरमध्ये जाऊन सील, गॅस्केट, सोळा बोल्ट, चिंध्यांचा गठ्ठा, सगळं एका पत्र्याच्या पेटीत भरून पंपाशेजारी ठेवलं. चेनब्लॉक आणून टांगला. इलेक्ट्रिशियनला सांगून ठेवलं. परमिटचा कागद भरून सेफ्टीवाल्याच्या टेबलावर ठेवला आणि सकाळी साडेसातला त्याच्यासमोर जाऊन उभी राहिले. धाकू आला, त्याने पेटी उघडली, आत बघितलं, परत बंद केली आणि माझ्याकडे बघत राहिला.

"हे कुनी ठेवलं?"

"मी."

"बारा नंबरचा पाना?"

"खालच्या कप्प्यात."

त्याला आनंद झाला असं मुळीच नाही. तो जरा दुखावलाच. आपल्या कामात पोरीने हात घातला, असं काहीसं. पण साडेबाराला पंप फिरायला लागला. एक वाजता कँटीनमध्ये मी ताट घेऊन बसले होते, तर धाकू समोर येऊन बसला. घरचा डबा बाजूला ठेवून त्याने कँटीनचं वरण-भाताचं ताट घेतलं होतं. "किती वर्सांनी मना गरम जेवान मिललं," तो म्हणाला आणि भात कालवायला लागला. त्या दिवसानंतर पेटी दिसली नाही तर तो आमच्या खोलीच्या जिन्याखाली उभा राहून हाका मारायचा.

दुसरा धडा प्रॉडक्शनवाल्यांचा. मशीन आपल्या ताब्यात नसतं, ते माल काढणाऱ्यांच्या ताब्यात असतं, आणि ते सुखासुखी थांबवायला देत नाहीत. दर गुरुवारी मीटिंग असायची, पुढच्या आठवड्याची. त्या मीटिंगला आम्हाला पाठवायच्या आधी काका आमची तालीम घ्यायचे. स्वतः प्रॉडक्शन मॅनेजर व्हायचे. पांढरं हेल्मेट घालायचे, खुर्चीत मागे रेलायचे, आणि इतके तुसडे व्हायचे की ओळखू यायचे नाहीत.

"काय पाहिजे?"

"सर, सेंट्रीफ्यूज नंबर दोन, चार तासांसाठी मिळेल का?" माझ्याबरोबरचा रवींद्र म्हणायचा.

"नाही मिळणार. पुढे?"

रवींद्र हातातला कागद उलटसुलट करायचा. मग काका हेल्मेट काढून परत काका व्हायचे. "मिळेल का असं विचारलंस ना, तर नाही म्हणणं त्याला सोपं. मंगळवारी सकाळी देता की बुधवारी दुपारी, असं विचार. आणि आधी त्याचं वेळापत्रक वाचून जा. त्याचा कुठला रंग कधी संपतो, भांडं धुवायला कधी घेणार, ते तुला त्याच्यापेक्षा आधी माहीत पाहिजे. तो धुवायला थांबणारच आहे. त्याच चार तासांत आपण शिरायचं."

मग परत हेल्मेट, परत तुसडेपणा. एकदा रवींद्र इतका चिडला की त्याने काकांना खरोखरच सुनावलं, "तुमचं मशीन मोडलं की आमच्या नावाने बोंबलू नका मग!" काका हेल्मेटखालून बघत राहिले. मग म्हणाले, "बोलायचं असंच, फक्त आवाज एवढा नको," आणि आम्हा सगळ्यांना हसू फुटलं. खालून स्टोअरचे सखारामभाऊ वर आले, काय झालं बघायला. रवींद्र अजून भेटला की तो किस्सा मीच सांगावा असा त्याचा हट्ट असतो.

सहा महिन्यांच्या शेवटच्या दिवशी काका एकच गोष्ट सांगायचे. आमच्या आधीच्या बॅचनाही त्यांनी ती सांगितली होती, आणि कुणीही ती पुढच्यांना फोडत नसे.

सत्त्याण्णव साली सेंट्रीफ्यूज तीनच्या, म्हणजे रंग गरगर फिरवून त्यातलं पाणी काढणाऱ्या मशीनच्या, बेअरिंगची तपासणी लागली होती. प्रॉडक्शनने म्हटलं, ऑर्डर आहे, पुढच्या आठवड्यात घ्या. काकांनी कार्ड एक रकाना पुढे लावलं. पुढच्या आठवड्यात परत तेच. परत पुढे. तिसऱ्यांदा परत. "मशीनचा आवाज बदललेला," ते म्हणाले. "मी ऐकला होता. पण मी तेव्हा नवीन प्लॅनर. मला वाटायचं, हे लोक मला आपल्यात घेतायत, उगाच कशाला वाद." चौथ्या आठवड्याच्या सोमवारी बेअरिंग जाम झालं, मशीन हादरलं, झाकणाचा बोल्ट तुटला. ऑपरेटरचा हात झाकणावर होता. उजव्या हाताची दोन बोटं गेली.

"कार्ड तीन वेळा मीच हलवलं. या हाताने," ते म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले होते आणि त्यांनी ते पुसले नाहीत. "चौकशीत माझं नाव आलं नाही. प्रॉडक्शनचंही नाही. मशीन जुनं होतं, असं लिहिलं."

त्यानंतर त्यांनी नियम केला. कार्ड एकदा हलेल, दोनदा हलेल. तिसऱ्यांदा हलवायचं असेल तर ज्याला हलवायचंय त्याने स्वतः जिना चढून वर यायचं आणि कार्डाच्या मागे सही करायची. बहुतेकांना जिना चढवत नसे.

मी खाली उतरले तेव्हा स्टोअरच्या खिडकीत सखारामभाऊ होते. सहा महिने मी त्यांच्याकडून सील आणि बोल्ट घेत होते. कायम डाव्या हाताने लिहिणारा शांत माणूस, एवढंच मला माहीत होतं. त्या दिवशी मी पहिल्यांदा त्यांच्या उजव्या हाताकडे बघितलं. त्यांनी बघू दिलं.

"झालं सांगून?" त्यांनी विचारलं. "रडला?"

मी मान हलवली.

"दर बॅचला रडतो. मी म्हटलं त्याला, दौलत, आता पुरे. तर म्हणतो, मुलांना कळायला नको का." त्यांनी माझ्या पावतीवर शिक्का मारला. "अपघातानंतर साहेब मला घरी बसवणार होते. हाच गेला वर, मला स्टोअरला घ्यायला लावलं. ते नाही सांगत तो कुणाला."

ते काकांनी खरंच कधी सांगितलं नाही.

शिकाऊपण संपल्यावर मला काकांच्याच खोलीत कायमची नोकरी मिळाली, आणि तेरा साली कंपनीत सॉफ्टवेअर आलं. ते बसवायला सौमित्र नावाचा एक हुशार मुलगा आला होता, लॅपटॉपवर बोटं अशी चालायची की बघत राहावं. त्याने सांगितलं की आता कार्डांची गरज नाही, प्रत्येक कामाला किती वेळ लागतो ते भरा, उरलेलं सिस्टीम करेल. ऑफिसातल्या लोकांनी दोन दिवसांत सगळं भरून टाकलं. सगळ्या कामांना दोन तास. बॉयलरची नळी बदलणे, दोन तास. दिवा बदलणे, दोन तास.

काकांना तेव्हा चौपन्नावं चालू होतं. टाइपिंग येत नव्हतं. मला वाटलं, आता ते बाजूला होतील. एक-दोन दिवस ते डबासुद्धा खोलीतच खात होते. तिसऱ्या दिवशी त्यांनी कपाटातून त्या एकोणीस वह्या काढल्या, माझ्या टेबलावर ठेवल्या आणि म्हणाले, "मी वाचतो, तू भर." आम्ही अडीच महिने तेच केलं. हजाराच्या वर कामं. मध्येच ते थांबायचे आणि एखाद्या ओळीवर बोट ठेवून हसायचे. "हे बघ, अठ्ठ्याऐंशी. या पंपातून उंदीर निघालेला." शेवटच्या पंधरा दिवसांत एका बोटाने ते स्वतः भरायला लागले होते. सौमित्र जाताना त्यांच्या पाया पडला. काका इतके अवघडले की त्यांनी त्याला कंपनीची डायरी देऊन टाकली, स्वतःची, अर्धी लिहिलेली.

सतरा साली मी ती नोकरी सोडली. अंबरनाथच्या एका औषध कंपनीत प्लॅनरची जागा मिळाली. काकांना सांगताना मला अपराध्यासारखं वाटत होतं, पण ते म्हणाले, "जा की. शिकवलं कशाला मग?" दोन वर्षांनी ते निवृत्त झाले. निरोपाला मी गेले होते. त्यांनी भाषण केलं नाही. सगळ्या पाळ्यांच्या फिटरना भेटून आले आणि घरी गेले.

मग बावीसच्या मार्चमध्ये त्यांचा फोन आला.

"दर्शना, आपली कंपनी बंद झाली. कळलं ना?"

मला कळलं होतं. मालकांनी प्लांट गुजरातला हलवला होता. जागा विकायची होती, आणि उभं असलेलं सगळं मोडून काढायचं होतं.

"मोडायचं कंत्राट दिलंय. कंत्राटदाराची चाळीस माणसं आहेत, कुणालाच प्लांट माहीत नाही. कुठल्या भांड्यात काय होतं, कुठल्या पाइपमध्ये काय राहिलं असेल, काही नाही. गॅस कटर लावतील आणि जाईल कुणीतरी. मॅनेजरने मला बोलावलंय. मोडायचंही प्लॅनिंग लागतं ना?"

"लागतं," मी म्हणाले. दुसरं काय म्हणणार. मी चार दिवसांची रजा टाकली, आणि ती संपल्यावरही सुट्टीच्या दिवशी आणि शेवटच्या दिवशी गेले.

मी गेले तेव्हा काका वरच्या खोलीत होते, आणि खोलीत चाळीस माणसं जमिनीवर बसली होती. बिहारची, झारखंडची, काही जळगावकडची. काकांनी फळ्यावरचे सगळे आठवडे पुसून त्यांच्या जागी दिवस लिहिले होते. तेवीस दिवस. हिंदी त्यांचं पहिल्यापासून मोडकंतोडकं, पण समोरचे सगळे कान देऊन ऐकत होते.

"ये टाकी खाली दिखता है. खाली नहीं है. इसके पेट में तीस साल का रंग बैठा है, और रंग के नीचे क्या बैठा है वो मेरे को भी मालूम नहीं. पहले धोना, फिर हवा चेक करना, फिर मैं कार्ड दूँगा. मेरा कार्ड जब तक हाथ में नहीं, कटर को हाथ नहीं."

एका तरण्या माणसाने विचारलं, "चाचा, जल्दी होगा तो छुट्टी जल्दी मिलेगी ना?"

"जल्दी होगा. पर तू घर पूरा जाएगा."

त्यांनी त्यांना कामाचा क्रम समजावला. आधी पाइप, मग पंप, मग भांडी, मग छप्पर. सखारामभाऊ बोलावण्याशिवायच येऊन बसले होते आणि कार्डं लिहीत होते. काकांनी कंत्राटदाराच्या यादीतली पहिली ओळ बाण काढून तळाशी नेली तेव्हा मी विचारलं, हे काय. म्हणाले, "पंखे. त्यांनी पंखे पहिल्या दिवशी काढायचे ठरवलेले, काढायला सोपे म्हणून. मार्च महिना आहे, आतमध्ये माणसं काम करणार. पंखे सगळ्यात शेवटी, छपराबरोबर."

ज्या मशीनांवर त्यांनी अडतीस वर्षं जीव लावला, ती एकेक करून ट्रकवर चढताना मी बघत होते आणि मला राहवत नव्हतं. पंप सात आणि आठ एकाच ट्रकमध्ये गेले. धाकू म्हात्रे गेटबाहेर उभा राहून बघत होता. त्याचं घर जवळच होतं. काकांचं लक्ष मात्र माणसांच्या पायांकडे. कोण कुठे उभा आहे, वरून काय येतंय, दोरी कुणाच्या हातात आहे. एकदाच, संध्याकाळी चारच्या सुमारास, सेंट्रीफ्यूज तीनचा पाया खणून काढल्यावर ते त्या खड्ड्यापाशी जरा जास्त वेळ उभे राहिले. सखारामभाऊ त्यांच्याशेजारी जाऊन उभे राहिले. मग सखारामभाऊंनी पुढचं कार्ड त्यांच्या हातात दिलं.

तेवीस दिवसांचं काम बाविसाव्या दिवशी संपलं. कुणालाही खरचटलंसुद्धा नाही. फळा कंत्राटदाराच्या माणसांनी ट्रकमध्ये पत्र्यांच्या खाली अंथरायला घेतला. मला वाईट वाटलं, मी तसं बोललेही. काका म्हणाले, "प्लाय चांगला होता. बरं झालं, उपयोगी पडला."

आता ते कोपरीतच असतात. चाळीच्या जागी इमारत झाली, तिसऱ्या मजल्यावर घर. कलावतीकाकू बालवाडीच्या शिक्षिका होत्या, त्याही निवृत्त. मी गेले की त्या तक्रारीचा पाढा सुरू करतात. "यांनी कंपनीत आयुष्यभर काय प्लॅनिंग केलं देव जाणे. घरात सिलिंडर संपला, पत्ता नसतो. छत्री पाऊस आल्यावर शोधतात." काका पेपरच्या आडून हसतात. नात सान्वी आठवीत आहे. तिचं परीक्षेचं वेळापत्रक मात्र भिंतीवर लागलेलं मी बघितलंय, आणि त्यात मैत्रिणीच्या वाढदिवसाचा दिवस निळ्या पेनने मोकळा सोडलेला.

या फेब्रुवारीत आमच्या कंपनीत आठ जण नवीन आले आणि त्यांना शिकवायचं माझ्यावर आलं. मी काकांना एक दिवस या म्हटलं. ते इस्त्रीचा शर्ट घालून आले. मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालेलं, त्यामुळे काळा चष्मा. तासभर बोलले, पंपांबद्दल कमी आणि माणसांबद्दल जास्त. शेवटी मितेश नावाच्या एका मुलाने हात वर केला.

"काका, आता सेन्सर असतात. मशीन कधी बिघडणार ते कॉम्प्युटर आधीच सांगतो. शेड्यूलपण तोच लावतो. मग आमची गरज काय राहणार?"

मला तो प्रश्न उद्धट वाटला. काकांना नाही वाटला. त्यांनी चष्मा काढला, मितेशकडे नीट बघितलं.

"आम्ही मशीनला कान लावायचो. स्क्रू-ड्रायव्हर कानाला टेकवून. तुझा सेन्सर माझ्या कानापेक्षा चांगलाच असणार. तुम्हाला पुष्कळ वेळ मिळेल मग," ते म्हणाले. "त्या वेळात प्लांटमध्ये फिरा. नाही फिरलात, तर मात्र तुमची गरज नाही राहणार."

मितेशने ते लिहून घेतलं की नाही मला दिसलं नाही. पण दुपारी तो काकांना प्लांट दाखवायला स्वतःहून घेऊन गेला, आणि दोघं दीड तास आले नाहीत.

परत सोडायला मी त्यांच्याबरोबर गेले. गाडीत ते खिडकीबाहेर बघत होते, मध्येच म्हणाले, तुमच्या इथे शेड किती स्वच्छ आहेत गं. कोपरीला पोचलो तेव्हा उन्हं उतरली होती. काकूंनी दार उघडलं आणि विचारलं, "कसं झालं?"

"चांगली आहेत मुलं," काका चपला काढत म्हणाले. "एकाचं घर कळव्याला आहे. मृणाल नावाची एक मुलगी आहे, तिला वेल्डिंग शिकायचंय. मी म्हटलं, ये कधीतरी, अन्वरचा नंबर देतो." मग ते आत गेले आणि फोनमध्ये अन्वरचा नंबर शोधत बसले. मी आणि काकूंनी चहा घेतला.